व्हिंटेज धाटणीचे हंबकर: सेथ लव्हर, फिफ्टीनाइन की अल्निको टू प्रो?

वेताळटेकडी

गिटारचे पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग) बदलून हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारे दोन कॉइलचे पिकअप, लावायचे आहेत. जाणकारांचा सल्ला हवाय.

गिटार इंडोनेशियात बनलेली, गिब्सनच्या लेस पॉल धाटणीची. महोगनी बॉडी, ट्यूनोमॅटिक ब्रिज, दोन व्हॉल्यूम, दोन टोन. अँप १५ वॉटचा, ईएल८४ ट्यूबवाला. केबल ६ मीटर, तारा दहा-सेहेचाळीस.

मुख्य दुखणं नेक (मानेकडच्या) पिकअपचं. क्लीनवर पूर्ण कॉर्ड वाजवली की लो ई आणि ए या तारा एकमेकींत मिसळतात, सगळा आवाज गढूळ होतो. व्हॉल्यूम ७ वर आणला तर अँपवर गोधडी टाकल्यासारखं ऐकू येतं. ब्रिजकडच्या पिकअपची तऱ्हा उलटी. मिड्स (मधले सूर) कानात घुसतात, आणि हळू वाजवा की जोरात, आवाज तेवढाच. जॅकमधून मल्टिमीटरने मोजलं तेव्हा नेक ८.३ आणि ब्रिज १३.८ किलोओहम आला (सगळे नॉब १० वर).

अपेक्षा अशी की आवाज जुन्या पीएएफच्या (गिब्सनच्या सुरुवातीच्या हंबकरच्या) जवळ जावा. नेकवर प्रत्येक तार सुटी ऐकू यावी, ब्रिजने हाताच्या जोराला दाद द्यावी. वाजवायला ब्लूज आणि जुना रॉक, पण सेटमध्ये दोन-तीन गाणी भरपूर गेनची (फाटक्या, डिस्टॉर्शनच्या आवाजाची) असतात. स्टेज लहान असतो, अँप पाठीशी चार फुटांवर.

यादीत सध्या सेमूर डंकनचे सेथ लव्हर, फिफ्टीनाइन आणि अल्निको टू प्रो आहेत, शिवाय गिब्सनचे फिफ्टीसेव्हन क्लासिक आणि बर्स्टबकर. यूट्यूबवर पाचही सारखेच वाटतात, म्हणून इथे विचारतोय. पिकअप बाहेरून मागवायचे म्हणजे परत पाठवणं जवळजवळ अशक्य, एकदाच काय ते ठरवायचं आहे.

डाग_आणि_कथील

ते ओहमचे आकडे आधी बाजूला ठेवा. डीसी रेझिस्टन्स म्हणजे आउटपुट नव्हे, तो फक्त तारेचा विरोध. ४२ गेजऐवजी ४३ गेजची बारीक तार वापरली तर तेवढ्याच वेढ्यांना विरोध पावपटीने जास्त दिसतो. शिवाय तांब्याचा विरोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप पुण्यात मे महिन्यात दुपारी, ४० अंशांना, ८.६ दाखवेल. पिकअप तोच, आवाज तोच. जॅकमधून मोजताना ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) समांतर येतो, त्यामुळे आकडा थोडा कमीही येतो. तुमचा ब्रिज प्रत्यक्षात १४.२ च्या आसपास असेल. तरी एवढा फरक बघता तो बारीक तारेचा, जास्त वेढ्यांचा आहे हे नक्की. मिड्स तिथूनच येतात.

आता पीएएफ. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी (तुमच्या यादीतला पिकअप त्यांच्याच नावाचा) हंबकरच्या पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये केला, ते मिळालं १९५९ मध्ये. पण ‘पेटंट अप्लाइड फॉर’चं स्टिकर १९६२ च्या सुमारापर्यंत लागत राहिलं. त्यानंतरच्या स्टिकरवर जो पेटंट नंबर छापला तो पिकअपचा नव्हताच, लेस पॉल यांच्या ब्रिजचा होता! वाइंडिंगही इतपतच काटेकोर. ४२ गेज प्लेन इनॅमल तार आणि बॉबिनमागे (कॉइलच्या रिळामागे) सुमारे ५००० वेढे हा अंदाज, पण दोन बॉबिन क्वचितच सारखे भरायचे. चुंबक अल्निको २, ३, ४, ५ यांपैकी जो हाताला लागेल तो. म्हणून खरे पीएएफ साधारण ७ पासून ९ किलोओहमपर्यंत सापडतात आणि ‘पीएएफचा आवाज’ असा एकच आवाज नाही. बाजारातलं प्रत्येक मॉडेल म्हणजे त्या ढिगातल्या एखाद्या नगाची नक्कल.

तुमच्या यादीतले पाचही ४२ गेजच्या घरातले, नेक सव्वासात ते आठ, ब्रिज आठच्या आसपास. फरक पाडतात तीन गोष्टी: चुंबक, मेण आणि दोन बॉबिनमधली तफावत.

अल्निको २ मऊ. बास थोडा सैल, वरचा आवाज गोलसर, तार छेडल्यावरचा पहिला ठोका दबलेला. अल्निको ५ जोरकस. बास मोठा आणि घट्ट, ट्रेबल खणखणीत, मिड्स थोडे मागे. सेथ लव्हर, अल्निको टू प्रो, फिफ्टीसेव्हन क्लासिक आणि बर्स्टबकर १-२-३ हे अल्निको २ वाले. फिफ्टीनाइन आणि बर्स्टबकर प्रो अल्निको ५ वाले.

मेणाचं म्हणाल तर सेथ लव्हर आणि बर्स्टबकर १-२-३ मेणात बुडवलेले नसतात, बाकीचे असतात. मेण नसलं की वेढे आणि कव्हर किंचित थरथरतात, आवाजात थोडी हवा राहते. तीच थरथर गेन वाढवल्यावर शिट्टी होते.

तफावत बर्स्टबकरमध्ये मुद्दाम ठेवलेली असते. फिफ्टीसेव्हन क्लासिकमध्ये दोन्ही बॉबिन सारखे. बॉबिन सारखे नसले की गुणगुण शंभर टक्के मरत नाही, पण वरचे सूर थोडे जास्त उघडतात. हा फरक कव्हरच्या धातूच्या फरकाहूनही लहान असतो, त्यावर झोप घालवू नका. कव्हर मात्र जर्मन सिल्व्हरचंच बघा. स्वस्त पिकअपवर पितळेचं कव्हर निकेल चढवून देतात, त्यात एडी करंट (धातूत गोल फिरणारा प्रवाह) जास्त फिरतो आणि ट्रेबल गिळला जातो. तुमच्या नेकच्या गोधडीत त्या कव्हरचाही हात असू शकेल.

माझा कौल: आधी नेक ठरवा, ब्रिज नंतर. लेस पॉलमध्ये बिघडतो तो नेकच. नेकला सेथ लव्हर, आणि ब्रिजला सेथ लव्हर किंवा फिफ्टीनाइन. फिफ्टीनाइनचा नेक महोगनीच्या जाड बॉडीत खाली फुगतो, जी तक्रार घेऊन तुम्ही आलात तीच परत येईल.

मिडलपोझिशन

नेकबद्दल सहमत. पण भरपूर गेनची गाणी आणि पाठीशी चार फुटांवर अँप हे वाचूनही ब्रिजला सेथ लव्हर सुचवणं मला पटत नाही. कव्हरसकट, बिनमेणाचा पिकअप त्या अंतरावर ओरडणार. घरी कमी आवाजात ते कळत नाही, कळतं ते स्टेजवर.

@वेताळटेकडी, ओरडण्याचे दोन प्रकार ओळखायला शिका. तळहाताने सगळ्या तारा दाबून धरा. आवाज थांबला तर तो तारांचा फीडबॅक, त्यात पिकअपचा दोष नाही. तारा दाबूनही बारीक चिरका सूर चालूच राहिला तर पिकअप मायक्रोफोनिक आहे. गेन लावून कव्हरवर नखाने टिचकी मारली तरी समजतं. माइकवर मारल्यासारखी ठकठक अँपमधून आली की उत्तर मिळालं.

अल्निको टू प्रो नेक आणि फिफ्टीनाइन ब्रिज ही जोडी सुरक्षित. दोन्ही मेणातले. अल्निको टू प्रो ब्रिजला मात्र टाळा. दीड इंच जाडीच्या चेंबरवाल्या (आतून पोकळ) गिटारमध्ये तो गोड लागतो, पण बँडमध्ये बास आणि ड्रम सुरू झाले की मागे राहतो.

बावीस_नॅनो

पैसे खर्च करण्याआधी फक्त एक स्क्रूड्रायव्हर लागेल असं काम करून बघा. गढूळ नेकची निम्मी प्रकरणं उंचीची असतात. कारखान्यातून नेक पिकअप बहुतेकदा तारांना भिडवलेला येतो.

शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि पोलचा (पिकअपवरच्या तारेखालच्या धातूच्या खुंटीचा) माथा ते तारेची खालची बाजू हे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. गिब्सनचं माप नेकला २.४ आणि ब्रिजला १.६ मिलिमीटर. तुमच्या तक्रारीसाठी नेक लो ईच्या बाजूने ३ ते ३.५ पर्यंत खाली न्या, हाय ईच्या बाजूने २.४ च राहू द्या. मग लो ई आणि ए खालचे पोल स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत आणि बी खालचा पाव फेरा बाहेर. एवढ्याने कॉर्ड सुटी झाली तर नवा पिकअप घ्यायचाच असेल तर घ्या, पण काय बदललं ते समजून घ्याल.

दुसरा मुद्दा पॉटचा. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही ५०० किलोओहमचे असले तर पिकअपवर २५० चा भार, अँपचा १ मेगओहम धरला की २००. आशियाई गिटारींत कधी कधी ३०० किंवा २५० चे पॉट बसवलेले असतात, तिथे कुठलाही व्हिंटेज पिकअप झाकोळून जाणार. शिवाय ५०० च्या पॉटला २० टक्के सूट असते, म्हणजे ४०० निघेल किंवा ६००. चार पॉट घ्या, मोजा (सर्किटबाहेर, कडेच्या दोन टोकांवर), सर्वांत मोठे दोन नेकला लावा आणि लहान दोन ब्रिजला. नेक उघडतो, ब्रिजची धार थोडी बोथट होते. तुम्हाला दोन्हीकडे तेच हवंय.

तिसरा, केबल. मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड. पिकअप ४.२ हेन्रीचा आणि त्याची स्वतःची १०० पिकोफॅरड धरली तर ३ मीटर केबलवर रेझोनन्स (पिकअप सर्वांत जोरात बोलतो ती फ्रिक्वेन्सी) ३.९ किलोहर्ट्झच्या जवळ पडतो, ६ मीटरवर २.९, १० मीटरवर २.३. सेथ लव्हर आणि अल्निको टू प्रो यांच्यातला फरक ऐकायला कान लावून बसायचं आणि दहा मीटरची केबल लावायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

व्हॉल्यूम ७ वर गोधडी पडते त्याचं कारण वायरिंग. टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट टोकाला असेल तर तो काढून मधल्या टोकाला लावा. यालाच फिफ्टीज वायरिंग म्हणतात. व्हॉल्यूम कमी केला तरी ट्रेबल टिकतो. बदल्यात टोन उतरवला की आवाजही किंचित उतरतो, सवय होते. कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड, म्हणजे २२३ लिहिलेला, नेकला हवं तर ०.०१५. पुण्याच्या तपकीर गल्लीत काही रुपयांना मिळणारा पॉलिएस्टर फिल्मचा चालतो. तेलातल्या कागदी कपॅसिटरला हजारो रुपये मोजणाऱ्यांनी आधी दोन्ही मीटरवर सारख्या मायक्रोफॅरडचे निवडून मग डोळे मिटून ऐकावं. (इथे भांडण होणार हे माहीत आहे.)

वेताळटेकडी

@बावीस_नॅनो, नेक मोजला, शेवटच्या फ्रेटवर १.५ मिमी निघाला! खाली घेतल्यावर निम्मा गढूळपणा गेला. उरलेला अजून आहे, आणि ब्रिज तर बदलायचाच. पॉटवर बी५००के लिहिलंय.

आता सेथ लव्हर नेक आणि फिफ्टीनाइन ब्रिज यावर आलोय. तीन शंका. दोन वेगळी मॉडेल्स एकत्र घेतली तर फेजचा घोळ होतो म्हणतात, ते कसं तपासायचं? ब्रिजला कॉइल स्प्लिट (दोनपैकी एकच कॉइल वापरणं) करावं का? आणि नेक बिनमेणाचा असला तर चालेल ना?

डाग_आणि_कथील

दोन्ही डंकनचे, त्यामुळे घोळ होऊ नये. पण डाग (सोल्डर) देण्याआधी तपासायला एक मिनिट लागतं. मीटर २० किलोओहमवर ठेवा, लाल काडी हॉट (सिग्नलच्या) वायरला, काळी अर्थला. स्क्रूड्रायव्हरचं पोलादी टोक पिकअपच्या मधोमध टेकवा आणि झटक्यात उचला. उचलताना आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघा. दोन्ही पिकअप एकाच दिशेने हलले तर फेज जुळली. उलट हलले तर मधल्या पोझिशनला आवाज नाकातून आल्यासारखा पातळ येईल, बास गायब.

उलटं निघालंच तर सेथ लव्हरला हात लावू नका. त्याची वायर जुन्या पद्धतीची, बाहेर विणलेली जाळी आणि आत एकच तार. जाळी कव्हरला आणि बेसप्लेटला जोडलेली असते. ती हॉट केली तर अख्खं कव्हर हॉट, हात लागला की गुणगुण. तिथे चुंबक उलटा करावा लागतो आणि त्यासाठी कव्हरचे दोन डाग काढावे लागतात. फिफ्टीनाइन चार तारांचा घ्या आणि उलटापालट त्यात करा. नेहमीची जोडणी अशी: काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप, हिरवी आणि उघडी तार अर्थला. फेज उलटायची तर काळी आणि हिरवीची अदलाबदल. उघडी तार अर्थलाच राहते.

हे रंग डंकनचे आहेत. डीमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी जोडलेली, हिरवी अर्थ. पुढेमागे डीमार्झिओ घेतलात आणि डंकनच्या आकृतीने जोडलात तर एक कॉइल उलटी पडते. सिग्नल एकमेकांना खातो, आणि जी गुणगुण मरायला हवी ती उलट बेरीज होऊन येते. ‘नवा हंबकर सिंगल कॉइलपेक्षा जास्त गुणगुणतो’ अशी तक्रार आली की पहिला संशय यावरच घ्यावा.

स्प्लिटची अपेक्षा ठेवू नका. आठ किलोओहमची एक बाजू म्हणजे चार, आवाज पडतो आणि पातळ होतो. करायचंच तर दोन कॉइल समांतर जोडणारा पुश-पुल (नॉब ओढून बदलणारा स्विच) घाला. आवाज स्वच्छ होतो आणि गुणगुण मेलेलीच राहते.

मिडलपोझिशन

नेकला बिनमेणाचा चालेल. जड गेनची गाणी ब्रिजवरच वाजणार, आणि तसंही नेक तुम्ही खाली घेतलाय.

पॉटवरचा बी म्हणजे लिनिअर, नॉबबरोबर विरोध समान बदलणारा. व्हॉल्यूमला ते १० वरून ३ पर्यंत फारसं काही करत नाहीत आणि मग एकदम कोसळतात असं वाटतं. टोनला तर त्याहून वाईट. चारही ए५००के घ्या, ए म्हणजे लॉग, कानाला समान वाटेल असा बदलणारा.

पेठी_कानस

वायरिंगवर सगळं आलं, पण लोक अडकतात ते सुतारकामात.

चांगल्या अमेरिकन पॉटची मान ९.५ मिमीची, तुमच्या गिटारीतली भोकं बहुधा ८ मिमीची किंवा त्याहून लहान. ड्रिल लावू नका, वरचं लॅकर टवका होऊन उडतं. भोकाभोवती मास्किंग टेप चिकटवा आणि हाताने फिरवायचं निमुळतं रीमर वरून खाली, घड्याळाच्या दिशेने, हळू. रीमर नसेल तर गोल कानस, पण ती फक्त पुढे ढकलताना दाबायची, मागे ओढताना उचलायची. दोन्ही वस्तू पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात. सध्याचे नॉबही बसणार नाहीत, दांड्यावरच्या खाचा वेगळ्या असतात (अमेरिकनला २४, आशियाईला १८). ठोकून बसवले तर दांडा फाकतो. नॉब पॉटबरोबरच मागवा.

जुन्या पिकअपचे उंचीचे स्क्रू मेट्रिक असतात, डंकनचे इंची आट्यांचे. नव्या पिकअपबरोबर येतात तेच वापरा. जुना स्क्रू दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे जोर केला की बेसप्लेटच्या पायातले आटे जातात. ब्रिजखालचं पोलचं अंतर फार मनाला लावून घेऊ नका, साधा चालेल. ५३ मिमीवाला रुंद प्रकार स्ट्रॅट किंवा फ्लॉइड ब्रिजसाठी. तार पोलच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली तर ऐकू येत नाही.

पॉटच्या पाठीवर डाग देताना २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न उपयोगाचा नाही. पाठ थंडच राहते, आपण अर्धा मिनिट टेकवून बसतो, आतला कार्बनचा पट्टा जळतो. ५० ते ६० वॉट, रुंद टोक, पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्यायची, तीन-चार सेकंदांत काम संपवायचं. सोल्डरची तार ६०/४० ची (कथील-शिसं), रोझिनवाली. सेथ लव्हरची जाळी मागे ढकलून आतली तार मोकळी करा, जाळीचा डाग पाठीवर द्या आणि उरलेल्या लांबीवर स्लीव्ह चढवा. झाकण लावताना उघडी जाळी कुठल्या पॉटच्या टोकाला टेकली की तो पिकअप मुका होतो, आणि झाकण उघडलं की परत बोलतो. माणूस वेडा होतो शोधून.

ब्रिजला पुढे कधी बिनमेणाचा घ्यावासा वाटला तर घरी मेण देता येतं, वॉरंटी जाते एवढं लक्षात ठेवून. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण. पातेल्यात पाणी, त्यात डबा, डब्यात मेण. थेट आचेवर कधीच नाही, पॅराफिन पेट घेतं. तापमान ६० ते ६५ अंश, थर्मामीटर लावूनच, कारण सेथ लव्हरचे बॉबिन जुन्या पद्धतीच्या ब्युटिरेट प्लास्टिकचे असतात आणि जास्त तापले की वाकतात. पिकअप तळाला टेकू न देता तारेने लटकवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५ मिनिटं. बाहेर काढल्यावर कव्हर लगेच पुसा, नाहीतर मेण गोठतं आणि खरवडताना निकेलवर चरे पडतात.

आणि तारा काढण्याआधी चारही पॉट, स्विच आणि जॅक यांचा झाकण उघडून फोटो काढून ठेवा. नवं सगळं जोडल्यावर तारा चढवण्याआधीच केबल लावा आणि दोन्ही पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवून अँपमधून ‘टक’ येतं का बघा. स्विच वर केला की नेक, खाली केला की ब्रिज. उलटं निघालं तर स्विचच्या दोन तारांची अदलाबदल करा आणि मगच झाकण लावा.